इन्शिराहबाईंचं दुपारचं जेवण

"इन्शिराह, ठेव तो पाव खाली आणि चल! गाडी उभी आहे!"

भर दुपारी, रामला ट्राम-स्थानकासमोर, माझ्या, मितवल्लीच्या, दुकानाच्या फळीपाशी उभा राहून हा माणूस ओरडला. तव्यावर कलेजी तडतडत होती, आठ-दहा गिऱ्हाइकं माझ्या नावानं शंख करत होती, त्यात याची भर. मान वर केली तर अब्दुलहादी. इन्शिराहबाईंचा मोठा दीर, दमनहूरकडचा शेतकरी. दीड महिन्यापूर्वी त्यांचा नवरा गेला तेव्हा मयताच्या मांडवात पुढच्या खुर्चीवर बसला होता, म्हणून मी ओळखला.

इन्शिराहबाई ट्रामवर कंडक्टर. निळा कोट, खांद्याला चामडी पिशवी आणि आता डोक्याला काळा रुमाल. दोन फेऱ्यांमध्ये जो काय वेळ मिळेल तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यात कोपर घालून पुढे यायच्या आणि कलेजी-पाव मागायच्या, लसूण जास्त, मिरची त्याहून जास्त. "बाई, तुम्ही बाजूला थांबा, आणून देतो," असं कुणी म्हटलंच तर, "का? माझे हात झडलेत?"

नवरा गेल्यावर आठवडाभरात कामावर हजर झाल्या. गल्लीतल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. करू देत. बाईंच्या घरी चूल पेटवायला त्या थोड्याच येणार होत्या?

"कुठे यायचं, भावोजी?" घास चावत बाई म्हणाल्या.

"गावी. सामान भरायला माणसं आणलीयेत. विधवा बाई, रस्त्यात उभी राहून परक्या पुरुषांत कलेजी खाते! चारचौघांत मान खाली घालायला लावलीस."

"चारचौघांना सांगा, मान वर करा म्हणावं."

लोक हसले. मीही हसलो, का खोटं बोलू? पण बाई हसत नव्हत्या. त्या राहतात ती खोली अब्दुलहादीच्या नावावर आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत. त्यानं मनात आणलं तर संध्याकाळी कुलूप. मग नोकरी असून काय करायची, ट्रामच्या बाकावर झोपायचं?

"या, जेवा," बाई म्हणाल्या.

आता हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. खाताना कुणी समोर आलं की या म्हणायचं, त्यानं नको, तुम्हाला लाभो म्हणायचं, विषय संपला. पण बाईंनी खरंच पाव मधोमध तोडला आणि अर्धा त्याच्या हातात कोंबला.

"पहाटे निघाला असाल. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

बिचारा भुकेला होता हो! आणि माझ्या तव्याचा वास नाकात गेल्यावर भलेभले विरघळतात. त्यानं एक घास घेतला. मग दुसरा मोठा. तोंडात घास ठेवूनच उपदेश सुरू: भावाचं नाव, घराची अब्रू, गावात गाईगुरं आहेत, जावांमध्ये राहशील, दोन घास मिळतील.

"येणार नाही," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"दोन घास मला इथेही मिळतात. माझ्या कमाईचे. येणार नाही, भावोजी."

त्यानं संतापून हात असा झटकला, की उरलेला पाव सुटून धुळीत पडला.

माझा कालथा थांबला. पाव जमिनीवर! आणि तो, ज्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, तो आपसूक खाली वाकला. पाव उचलला, धूळ फुंकली, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि पायाखाली येणार नाही असा हळूच माझ्या फळीच्या कोपऱ्यात ठेवला. आईनं लहानपणी लावलेली सवय, ती रागालासुद्धा विचारत नाही.

बाईंनी तेवढं होऊ दिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याचा अर्धा भाग तुमच्या पोटात आहे. माझं मीठ खाल्लंत, एवढ्या लोकांसमोर. आता सांगा, मला खोलीबाहेर काढणार?"

अब्दुलहादीनं आमच्याकडे पाहिलं. आम्हीही त्याच्याकडेच पाहत होतो. घाबरलाच तो, सांगतो मी तुम्हाला. बायकोला, भावाला, सरकारला न भिणारा माणूस, पण मीठ खाऊन उलटला हे नाव घेऊन कोणत्या तोंडानं गावात शिरणार?

"राहा खोलीत," तो मान वळवून म्हणाला. "पण गावचा कुणी तुझा उंबरा चढणार नाही. सणाला नाही, मयताला नाही. आम्हाला तू मेलीस."

"मग जाताना माझ्या नावानं मयताचा फातिहा म्हणा," बाई म्हणाल्या.

तो गेला. कोपऱ्यावर रिकाम्या गाडीचा आवाज झाला. गिऱ्हाइकांतून कुणी शाबास म्हणालं, कुणी खांद्यानं खांदा ढोसला. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातातल्या पावातून कलेजीचे तुकडे कोटावर सांडत होते. दिराला भावोजी म्हणायचं आजपासून बंद, हे त्यांनाही कळलं असणारच.

मी आतून स्टूल आणलं. "टेका जरा, बाई."

"नको, मितवल्ली. आता बसले तर उठणार नाही."

समोर ट्रामची घंटा वाजत होती. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून, त्या उभ्या-उभ्याच उरलेला पाव संपवत राहिल्या.