उकंडरावांच्या अंगातली जागा

औंढ्याचा रामकिशन हैदराबादेत शरीरशास्त्र शिकला आणि पुढे तिथंच बेडकांची हृदयं काढत बसला. गावाला त्यातलं बेडकांचं तेवढं समजलं.

त्याचं म्हणणं असं, की पेशीवर ठरावीक जागा असतात. शरीरातला निरोप्या तिथं येऊन बसला की हृदय हळू चालतं. धोतऱ्याचा अर्क ती जागा आधीच अडवतो, म्हणून निरोप पोचत नाही. ती जागा त्यानंच काय, कोणीच पाहिली नव्हती. त्याचे प्रोफेसर म्हणत, "न दिसणाऱ्या गोष्टींसाठी देवळं आहेत, मियाँ."

१९४४ च्या महाशिवरात्रीला तो घरी आला, तो काही नागनाथाच्या दर्शनाला नव्हे. प्रयोगशाळेतले बेडूक संपले होते आणि त्याचे काका उकंडराव यांच्या विहिरीत ते मुबलक होते. उकंडराव जमीनदार, पुतण्याचा विषय चारचौघांत काढायला त्यांना फार आवडे.

"काय रे, बेडकाच्या काळजात काय सापडलं?"

"जागा, काका."

"मंग एखादा भाडेकरू ठेव की."

मंडळी हसली. दुपारी उकंडरावांनी मित्रांसोबत थंडाई घेतली. भक्तीच्या भरात तिच्यात कोणीतरी धोतऱ्याचं बी वाटून घातलं होतं. बाकीच्यांनी घोट-घोट घेतला. उकंडरावांनी मानाप्रमाणे तांब्या रिकामा केला.

थोड्या वेळानं काकू द्वारकाबाईंनी रामकिशनला गोठ्यात बोलावून नेलं. काका म्हशीला तहसीलदारसाहेब म्हणत होते आणि बायकोची तक्रार सांगत होते. अंग तापलेलं, तोंड कोरडं, डोळ्यांतलं काळं पसरलेलं. नाडी उधळलेल्या बैलासारखी.

डॉक्टर आणायला हिंगोलीला गाडी पाठवली होती. रामकिशनच्या पेटीत एसरिन नावाचं प्रयोगाचं औषध होतं. त्या औषधानं शरीरातले निरोपे वाढतात, आणि गर्दी झाली की ते धोतऱ्याला जागेवरून उठवतात. बेडकात हे त्यानं अनेकदा पाहिलं होतं.

"सुई टोचता येती का तुला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"बेडकाला येते."

म्हशीपुढं तक्रार अजून चालूच होती. द्वारकाबाईंनी ती जरा वेळ ऐकली.

"टोच," त्या म्हणाल्या.

पुस्तकात माणसासाठी दिलेल्या मात्रेपेक्षाही कमी औषध त्यानं भरलं. गड्यानं काकांना धरलं आणि काकूंनी रामकिशनचं मनगट. औषध गेलं. नाडीवर बोटं ठेवून तो बसला. हळूहळू नाडी उतरली, काकांनी पाणी मागितलं आणि म्हशीकडं बघून विचारलं, "हिला चारा कोणी टाकला न्हाई का?"

सगळ्यांनी नागनाथाला हात जोडले. रामकिशनला रडू येत होतं. काही वेळानं काका पुन्हा हवेतून कापूस वेचायला लागले. औषध ओसरलं होतं, धोतरा अजून होता.

"बघा काकू, धोतरा परत जागेवर येऊन बसला," तो आनंदानं म्हणाला.

द्वारकाबाईंनी त्याच्या पाठीत रट्टा घातला. तो भानावर आला, लाजला, आणि त्यानं दुसरी सुई भरली. अंधार पडल्यावर डॉक्टर पोचले तेव्हा उकंडराव ताक पीत होते.

हैदराबादेत प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं. "एक काका म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले. ते खरंच होतं. रामकिशननं पुढची चार वर्षं मात्रा बदलून बदलून तोच प्रयोग बेडकांवर केला, आणि अठ्ठेचाळीस साली त्याचा लेख विलायतेत छापून आला. जागा तेव्हाही कोणाला दिसली नव्हती. ती नाही असं म्हणणं मात्र अवघड झालं होतं.

उकंडरावांना गावात सांगायला एक गोष्ट मिळाली: पुतण्याला हैदराबादेत जे जमलं नाही, ते त्यांनी एका तांब्यात सिद्ध केलं. म्हशीशी काय बोलणं झालं ते मात्र त्यांना आठवत नव्हतं. द्वारकाबाईंना सगळं आठवत होतं, आणि पुढं कितीतरी दिवस त्या नवऱ्याला "तहसीलदारसाहेबांना विचारा" एवढंच उत्तर देत होत्या.