नसलेली फांदी

शिंपीबाबांनी जन्मभर मान खाली घालून मशीन चालवलं, आणि दुकान बंद केल्यावर ते सार्वजनिक बागेत फुकटचे वाटाडे झाले. मान वर करून झाडं बघायला मिळतात, एवढी कमाई त्यांना पुरत होती. दर रविवारी सकाळी हिरवी टोपी चढवून ते लोकांना तळ्याकडच्या पायवाटेनं फिरवून आणत. आठवडाभर ते त्या टोपीकडे बघत जगायचे, म्हटलं तरी चालेल.

आणि आता ती टोपी राहते की जाते, ते लेकीच्या हातात होतं. बागेच्या अधिकारी बाईंचा फोन आला होता. वाटेवर आडवी आलेली फांदी कधीच तोडली, तरी बाबा तिथे लोकांना वाकायला लावतात. "तुम्ही स्वतः बघून जा. नको म्हणालात तर थांबवू."

बाबा विसरायला लागले की काय, असं लेकीला वाटलं. गेल्याच महिन्यात बाबांनी जावयाच्या सदऱ्याला पाठीवर खिसा शिवला होता. जावई बिचारा तो घालून हिंडला, ही गोष्ट वेगळी.

रविवारी ती सगळ्यांच्या मागून चालू लागली. धुकं एवढं उतरलं होतं की पुढची माणसं अर्धीमुर्धीच दिसत होती. बाबांचा आवाज मात्र सगळीकडून येत होता. "हळू बोला. झाडं अजून आळोखेपिळोखे देतायत." पाववाला, दोन परिचारिका, एक नवं जोडपं, सगळे झोपेत चालल्यासारखे त्या आवाजामागे चालले होते.

मोडक्या बाकापुढे बाबा थांबले. हात उंचावून त्यांनी हवेत काहीतरी वर उचलून धरलं. "डोकं सांभाळा. वाका जरा."

सगळे मुकाट्यानं वाकले. लेक मात्र ताठ उभी राहिली. तिच्या कपाळासमोर नुसतं धुकं होतं.

"बाबा, ती फांदी गेली," ती हळूच म्हणाली.

"गेली ना. पहिल्यांदा मी खरंच विसरलो होतो, खोटं कशाला बोलू? सवयीनं बोलून गेलो आणि ही भली माणसं वाकली. मग कुणी उठेचना."

"का?"

"वाक की. शिंप्याची पोर ना तू?"

वाद नको म्हणून ती वाकली. झुडपांच्या तळाशी हातभर उंचीची मोकळी जागा होती आणि तिच्यातून तळं दिसत होतं, धुक्याच्या खाली अगदी लख्ख. काठानं एक पाणकोंबडी पिल्लांना घेऊन निघाली होती. लहानपणी लेक बाबांच्या मशीनखाली बसून खेळायची, तेव्हा तिचं जग एवढ्याच उंचीचं होतं. वर बाबा आहेत, म्हणून तिला कशाचीच भीती वाटत नसे. तिचे डोळे भरून आले.

"फांदी होती तोवर हे आपसूक दिसायचं," बाबा म्हणाले. "आता उगीच कोण वाकतंय?"

"आणि पाठीवरचा खिसा?"

"तो मात्र चुकलाच गं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात धरला.

फाटकाशी अधिकारी बाई थांबल्या होत्या. "काय ठरवलंत?"

"बाबा पुढे चालतील. दर रविवारी मी मागे असेन."

"आणि ती फांदी?"

"आहे तिथेच," लेक म्हणाली. "याल तेव्हा डोकं सांभाळा."