वीतभर फट

माझा भाऊ माझ्या नवऱ्याला मारायचा आणि त्यावर आमच्या दोन्ही घरांच्या चुली पेटायच्या. नवीन माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्याकडे जरा जपून बघतो. साहसपटांच्या एका मालिकेत भाऊ नायकाचा डुप्लिकेट होता आणि नवरा खलनायकाचा. मी मेकअपवाली. रक्त, जखमा, फुटलेले ओठ हे माझं खातं. पाच भागांत भावानं नवऱ्याला जहाजावरून फेकलं, खाणीत गाडलं, ट्रकखाली ढकललं, आणि दर वेळी वेगळ्या मिशा लावून आमचं ध्यान पुढच्या भागात मार खायला पुन्हा हजर.

एवढ्या वर्षांत त्याला एकही ठोसा लागला नाही, आणि याचं श्रेय कॅमेरामनचं. त्यांना सगळे काका म्हणायचे. काका कॅमेरा पार स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाला लावायचे आणि लांब लेन्स वापरायचे. ती लेन्स दोन माणसांमधलं अंतर गिळून टाकते. मूठ जबड्यापासून वीतभर लांबून गेली तरी पडद्यावर जबडा फुटल्यासारखाच दिसतो. भाऊ जीव खाऊन हात फिरवायचा, कारण चुकवायचा ठोसा पूर्ण ताकदीनं मारला नाही तर तो खोटा वाटतो. नवरा मान झटकून कोसळायचा, काका "छान रे बाळांनो" म्हणायचे आणि मी रक्ताची बाटली घेऊन धावायचे.

पाचवा भाग आपटला. मारामारी चालू असताना लोक हसतात, असं निर्मात्याच्या कानावर आलं. त्यानं काकांना गोड बोलून घरी पाठवलं आणि सहाव्या भागासाठी नवा कॅमेरामन आणला. हा गडी कॅमेरा खांद्यावर घेऊन सरळ मारामारीत घुसायचा, इतका जवळ की समोरच्याचा श्वास काचेवर उठावा. आम्ही त्याचं नाव चिकट्या ठेवलं. त्याची लेन्स रुंद, काकांच्या लेन्सच्या बरोबर उलटी, असलेलं अंतर ताणून दाखवणारी. पहिल्याच दिवशी भावानं नेहमीसारखा ठोसा मारला, आणि मॉनिटरवर मूठ आणि गाल यांच्या मधून मागची भिंत दिसली.

"फट दिसतेय," चिकट्या म्हणाला.

"मग काय करू?" भावानं विचारलं.

"लागू दे. हात आवरून मार, पण लागू दे."

तेव्हापासून सेटवर खरं रक्त सांडायला लागलं. एकाचे पुढचे दात गेले. एकाचं नाक असं फुटलं की ते पुन्हा सरळ झालंच नाही. नायिकेची डुप्लिकेट पोरगी मनगट मोडून घरी बसली. माझी रक्ताची बाटली भरलेलीच राहायची आणि मी दिवसभर खऱ्या जखमांवर बर्फ धरत फिरायचे. आणि खोटं कशाला बोलू, ते पडद्यावर बघताना माझ्याही अंगावर काटा आला. काकांची मारामारी बघताना मजा यायची, ही बघताना भीती वाटत होती. मालिका तीच, नायक तोच, पण कॅमेरा धरणारा हात बदलला आणि सगळ्या मालिकेचा स्वभावच बदलला. निर्माता खुशीत होता.

मला मात्र धास्ती होती ती नवऱ्याची. नवऱ्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा मागे एकदा सुटला होता. ऑपरेशन करून तो बसवला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आता यावर एक जरी दणका बसला तर डोळा गेला म्हणून समजा." हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. कंपनीला कळलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं, आणि घरी बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं आमच्या नवरेसाहेबांचं म्हणणं.

त्यामुळे भाऊजींना मारायची वेळ आली की भावाचा हात आपोआप आखडायचा. फट दिसायची. टेक वाया जायचा. शेवटी दिग्दर्शक सगळ्यांसमोर कडाडला, "उद्याही असंच केलंस तर दुसरा माणूस आणतो. हात उचलता येणारा." दुसरा माणूस म्हणजे डोळ्याचं काहीच माहीत नसलेला माणूस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तडक चिकट्याच्या खोलीत घुसले.

तो लेन्स पुसत बसला होता. मी त्याची कॉलर धरली. माझ्या दुसऱ्या हातात मिशा कापायची कात्री होती आणि ती त्याच्या गळ्याला टेकली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"बोला ताई," तो हळूच म्हणाला, "पण ती आधी खाली ठेवा."

मी त्याला डोळ्याचं सगळं सांगितलं. त्यानं पुसलेली लेन्स पेटीत ठेवली.

"उद्या बॉयलरच्या खोलीतला सीन आहे," तो म्हणाला. "धूर असणार. मी लांब जातो, काकांसारखा. दिग्दर्शकाला सांगतो की धुरात लांब लेन्स बरी दिसते. तुमच्या भावाला सांगा, जुन्या अंतरानं मार म्हणावं. बिनधास्त."

"आणि ह्यांना? तुमच्याजवळ डोळ्याचं बोलले हे कळलं तर ते सेट सोडून जातील."

"मग नका सांगू. त्यांना फक्त पडायचंय."

दुसऱ्या दिवशी नवरा माझ्या खुर्चीत बसला होता आणि मी त्याच्या ओठांवर रक्त लावत होते. बाहेर कॅमेरा लांब नेत होते, त्याच्या चाकांचा आवाज येत होता. नवरा भलताच खुशीत होता.

"अगं, आज तुझ्या भावाला बोलणी बसणार नाहीत बघ."

"ते कसं काय?"

"असंच. मी आहे ना!"

मला वाटलं, नेहमीसारखा माझी समजूत काढतोय. "बोलू नका हो, रक्त पसरतं," मी म्हणाले.

धूर सोडला. नवरा मागच्या दारानं आत आला आणि आपल्या खुणेवर उभा राहिला, कॅमेऱ्याकडे पाठ करून. धुरात कॅमेरा किती मागे आहे हे त्याला दिसलंच नाही. माझा निरोप मिळाल्यापासून भावाचं मन कित्येक दिवसांनी मोकळं होतं. जुन्या अंतराच्या हिशोबानं त्यानं सगळी ताकद लावून हात फिरवला. आणि नवऱ्यानं अर्धं पाऊल पुढे टाकलं.

त्यानं ते मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. पोराचा हात आखडतो ना, मग आपणच पुढे व्हायचं, उजवा गाल द्यायचा, फट बुजवायची. त्याच्या हिशोबात आवरलेला हात होता. आला तो पूर्ण ताकदीचा, आणि गाल पुढे येण्याआधी डाव्या डोळ्यावर बसला.

ठोशाचा आवाज आम्ही नंतर स्टुडिओत भरतो. हा तिथेच झाला.

"ओके!" दिग्दर्शक ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी धावले. नवरा गुडघ्यावर बसला होता, तळहात डोळ्यावर, आणि बोटांमधून जे येत होतं ते मी लावलेलं नव्हतं.

"भाऊजी, पुढे का आलात? पुढे का आलात?" भाऊ किंचाळत होता.

"फट नाही ना दिसली रे?" नवऱ्यानं विचारलं.

भावानं वळून चिकट्याला धरलं. चिकट्यानं दिलेला शब्द पाळला होता, पण भावाला कुणाला तरी मारायचंच होतं आणि मला तो मारू शकत नव्हता. त्यानं चिकट्याचं डोकं बॉयलरच्या पत्र्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, चौघांनी ओढून काढलं तेव्हाच सोडलं. चिकट्यानं एकदाही हात उचलला नाही.

डोळा गेला. ठोसा सिनेमात ठेवला. तो आला की थिएटरात चिडीचूप होतं म्हणे. सातवा भागही चिकट्याच करतोय, कपाळावरच्या टाक्यांसकट.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं आरशावर पितळी तांब्या भिरकावला. तांब्या आरशाच्या बाजूला भिंतीवर आदळला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. पाणी ओतायला गेला की पेल्याच्या अलीकडे सांडायचं, कडी धरायला गेला की हात हवेत राहायचा. "सगळं काकांच्या लेन्समधून बघतोय," तो म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून रडला. मी पण रडले.

बऱ्याच दिवसांनी भाऊ आला. दारातच उभा राहिला, दाढी वाढलेली, अंगात नुसती हाडं.

"भाऊजी, मारा मला."

"जा इथून."

"मारा. नाहीतर मी असाच उभा राहतो."

नवरा उठला. त्याचा चेहरा असा लालबुंद झालेला मी सहा भागांत कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं नुसता मार खाल्लेल्या माणसानं सगळा राग मुठीत आणून हात फिरवला. मी बाजूला उभी होते. मूठ भावाच्या जबड्याच्या अलीकडून गेली. मधली फट मला स्पष्ट दिसली, वीतभर, मागचा दरवाजा दिसेल इतकी.

भावानं मान झटकली, कपाटावर आदळला आणि धाडकन जमिनीवर कोसळला, थेट माझा नवरा कोसळायचा तसा.

नवरा धापा टाकत उभा राहिला. राग ओसरला तशी त्याची मूठ सुटली.

"लागलं का रे?" त्यानं विचारलं.

भावानं जबडा दोन्ही हातांनी धरला होता.

"लागलं, भाऊजी," तो म्हणाला.

मी ओला फडका आणायला आत गेले.