असं बोलू नये

"आता पुरे झालं बघ. देवानं न्यावं," ओढणी मफलरसारखी गुंडाळून माधुरी म्हाताऱ्या आवाजात म्हणाली.

"असं बोलू नये काका!" शीतल पटकन बोलून गेली. "अजून नातवाचं लग्न बघायचंय ना तुम्हाला?"

वर्गात हशा पिकला. खोटं खोटं खोकणारी माधुरीही हसली. मुलुंडच्या हॉस्पिटलात या नर्सेसना म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे आजार ओळखायला शिकवणाऱ्या जयंती मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"काकांनी दार जरासं उघडलं होतं, ते तू लावलंस," त्या म्हणाल्या. "आपण सगळेच असं बोलतो गं. पण नर्सनं बोलायचं नाही. घरच्यांना बाहेर पाठव आणि काकांनाच सरळ विचार, जगावंसं वाटत नाही का?"

"वडलांच्या वयाच्या माणसाला? आणि डोक्यात नसताना माझ्यामुळेच शिरलं तर, मॅडम?"

"विचारल्यानं शिरत नाही. असलं तर बाहेर येतं. परत म्हण."

शीतलची जीभ अडखळली. मॅडमनी न रागावता पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ती नाहूरला चंद्रप्रकाश सावंतांकडे गेली. मालवणहून येऊन गिरणीत राबलेला माणूस. गणपतीनंतर बायको, सुगंधा, गेली. तेव्हापासून औषध चालू असूनही त्यांचं ब्लडप्रेशर उतरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी शीतलला घरी पाठवलं होतं.

प्रश्न काकांना होते, उत्तरं सून जान्हवी देत होती.

"झोप लागते का काका?"

"लागते ना. टीव्हीसमोरच डुलक्या काढतात."

"जेवण?"

"चिमणीएवढं. पण गोळी एक चुकत नाही हं. मी स्वतः हातावर ठेवते आणि समोर उभी राहते."

काका हसले. "आता गोळी कित्याक व्हयी गो? ती गेली, आमचाही झालाच."

"बाबा! असं बोलू नये."

काका बंद टीव्हीकडे बघत राहिले. शीतलला कालचा वर्गातला स्वतःचा आवाज आठवला.

"ताई, चहा मिळेल? आल्याचा?"

जान्हवी आत गेली. आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला, तशी शीतल खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "काका, जगावंसं वाटत नाही का?"

ते तिच्याकडे वळले. "ह्यां माका कोणी इचारूक नाय."

मग त्यांनी उशीमागून बायकोचा पितळी पानाचा डबा काढून उघडला. सुपारीच्या खणात पांढऱ्या गोळ्या होत्या. कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"जिभेखाली धरतंय. सून गेली की काढतंय. मरूक हिंमत लागता गो. ह्यां आपोआप होतलां."

नातवाचं लग्न शीतलच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. मग काका सुगंधाबद्दल बोलले. ती पान लावताना देठ स्वतः खायची आणि पान त्यांना द्यायची, एवढंच.

"सुनेक सांगू नको. पोर जीव टाकता माझ्यार."

"सांगावं लागेल काका. डॉक्टरांनाही. मी सोबत असेन."

काकांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "मगे मीच सांगतंय."

जान्हवी चहा घेऊन आली. उघडा डबा बघितला आणि कप कसेबसे टेबलावर ठेवले.

"तू दिलेल्यो गोळ्यो," काका म्हणाले. "माका जगाचा नाय होता गो."

"बाबा, असं बो..."

"आज बोलूक दी माका."

ती खाली जमिनीवर बसली. डबा मांडीवर घेऊन तिनं गोळ्या ओंजळीत ओतल्या. एक गोळी चुन्याच्या खणात घट्ट बसली होती. काका बोलत राहिले. ती नखानं गोळी खरवडत राहिली, आणि तिघांचा चहा निवत गेला.