मेढीला सांग

माझा नवरा काळुराम घराच्या मेढीशी बोलायचा, घराच्या मधल्या लाकडी खांबाशी. सासू होती तोवर एक वेळ ठीक होतं. वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलणं आमच्याकडे निर्लज्जपणा, म्हणून तो सासूला सांगायचा, "आये, तिला बोल, भाकर वाढ." सासू गेली, घरात दोघंच उरलो. वाटलं, आता तरी तोंड उघडेल. तर हा मेढीकडे बघून म्हणतो, "तिला सांग, मी मिठागरावर जातो."

आमचं पोर गेलं, तेव्हाही मेढीलाच म्हणाला, "तिला बोल, रडू नको."

माझं डोकं फिरलं. गाठोडं उचललं आणि डोंबिवलीहून आगगाडीच्या रुळाकडेनं चालत माहेरी खडवलीला आले.

तो पंच घेऊन मला न्यायला आला. राणीच्या राज्यात ठाण्याला कोर्ट होतं, पण आमची भांडणं देवळातच मिटायची. पंचांतल्या धाकू पाटलानं विचारलं, "मारतो का गो तुला?"

"नाय."

"दारू पितो? दुसरी ठेवलीय?"

"नाय."

"मग कमी काय हाय तुला?"

"त्यानी माझ्याशी बोलाया पायजे."

देवळात हशा पिकला. "बोलून पोट भरतं का गो?" एक म्हातारा म्हणाला.

"माणसाला वाळीत टाकता तवा काय करता, मेल्यांनो?" मी ओरडले. "त्याच्याशी बोलणंच बंद करता ना? मग मना कंच्या गुन्ह्यापायी वाळीत टाकली?"

हसणं थांबलं. पाटील चिडला. त्यानं गवताची काडी काळुरामच्या हातात दिली. "नांदवायची नसंल तर मोड काडी. संबंध तुटला."

काळुरामनं काडी दोन्ही हातांत धरली. डोळे भरून आले. मी त्याच्याकडे बघत राहिले. एकदा, एकदाच 'बायजा' म्हणाला असता, तर मी गाठोडंही न घेता त्याच्यामागे निघाले असते.

तो देवळाच्या खांबाकडे वळला. "तिला सांग, माझ्यानं मोडवत नाय. घरी चल म्हणावं."

"बघ, किती जीव हाय तुझ्यावर!" पाटील खूश झाला.

जीव होताच, मला ठाऊक होतं. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडी मोडायची ती पुरुषानं, असा रिवाज. मी ती त्याच्या हातातून हिसकावली, सगळ्यांदेखत मोडली आणि त्याच खांबाला म्हणाले,

"त्याला सांग, बायजानं मोडली."