पाडेल त्याने उभं करायचं

मी एक जुना केशरी शंकू आहे. डेपोच्या मैदानात बस शिकणाऱ्यांसाठी कोपऱ्यावर उभा करतात ना, तोच. आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. आणि बसलाच, तर माझंच सांगणं कुठेतरी कमी पडलं असं मी समजेन.

मित्रांनो, तुम्ही कालच खोक्यातून निघालात. अंगाला अजून नव्या प्लास्टिकचा वास आहे. तुमच्या चळतीच्या शेंड्यावर मला टोपीसारखं बसवलंय, म्हणून वडीलकीने बोलतो.

माझा जन्म ओहायोतल्या एका साच्यातला. तरुणपणी माझा पांढरा पट्टा असा लखलखायचा की सरोवरातली जहाजं मला दीपस्तंभ समजून वळायची. एकदा एका शिकाऊ चालकाने मला असं उडवलं की मी थेट सरोवरापलीकडे कॅनडात जाऊन पडलो. नाक्यावरच्या साहेबाने विचारलं, "सोबत काय आणलंय?" म्हटलं, "टायरचा ठसा." त्याने शिक्का मारून परत पाठवलं. हसताय काय? माझ्या कुशीतली ही फट त्याच दिवसाची.

माझं काम तसं सोपं, पण कुणालाही जमेल असं नाही. बस वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापतं. हे वहीत लिहून कळत नाही. मी चिरडलो की कळतं. आमचा मास्तर लायनेल ग्रेडी. त्याचा मैदानात एकच नियम होता. शंकू पाडेल त्याने बस थांबवून खाली उतरायचं, शंकूला उभं करायचं, मोठ्याने माफी मागायची आणि शंकूच्या आतल्या बाजूला आपलं नाव लिहायचं. थंडी असो, बर्फ असो, सवलत नाही. बारा वर्षांत माझ्या पोटात दोनशे अकरा नावं जमली. शहरात कुठलीही बस नीट वळली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

पण जो नोकरी सोडून जाई त्याच्या नावावर लायनेल काट मारायचा. कुणी ट्रकवर गेला, कुणी गोदामात. पुढे पुढे नावांपेक्षा काटच जास्त दिसायला लागले.

मग आली ओडेसा प्रूट. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेली, हाताने जड, जिभेने हलकी. पहिल्याच दिवशी लायनेल ओरडला, "अहो ओडेसाबाई, बस आहे ती, पलंग नाही! ढकलून सरकवायची नसते!"

"मास्तर, मी तीनशे पोरांना रांगेत उभं केलंय. ही तर एकटीच आहे."

आणि खरंच, सहा आठवड्यांत तिने मला एकदाही पाडलं नाही. जवळून जायची, इतकी जवळून की माझ्या पट्ट्यावरची धूळ पुसली जायची, पण धक्का नाही. उलट दुपारी गाडीतून उतरली की मला सरळ करायची आणि म्हणायची, "काय आजोबा, जिवंत ना?" इतक्या वर्षांत मला हे विचारणारी ती पहिलीच.

तिची अडचण एकच होती. तिचे वडील पोलाद कारखान्यातले, आता ऑक्सिजनच्या नळीवर. त्यांना सांभाळायला येणारी बाई पाच वाजता निघून जायची. "पाचला मी घरात हवीच, मास्तर," ती परीक्षेच्या दिवशी म्हणाली. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा. शाळेतली जागा अजून भरलेली नाही."

लायनेलने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आठ आठवडे कळ काढा. मग दिवसाची पाळी तुमची. माझा शब्द."

ती पास झाली. शाळेतली जागा तिने सोडली.

पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागतो तेव्हा जुन्याने आधी निवडायचं आणि नव्याने उरलेलं घ्यायचं, ही इथली रीत. ओडेसाला उरलं ते असं: पहाटे पाच ते नऊ, पुन्हा दुपारी तीन ते सात. आठ आठवड्यांनी नवा तक्ता लागला, पुन्हा तेच. तक्ता कसा लागतो हे लायनेलला ठाऊक होतं. वरच्या साहेबांनी त्याला याच मैदानात सांगितलं होतं, "माणसं हवीत. काय वाटेल ते सांग, पण त्यांना थांबवून ठेव." मी तिथेच उभा होतो. पण ते असू दे. मी सांगतोय तिच्याबद्दल.

तर एका संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये वडिलांची नळी निघाली. शेजाऱ्याने पाहिलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ओडेसाने गणवेश परत केला आणि गेली. मित्रांनो, गेली! ज्या मैदानाने तिला शिकवलं त्याच्याकडे वळूनही न बघता. मला एक शब्द नाही. "जिवंत ना?" तेवढंही नाही. याला विश्वासघात म्हणतात. म्हणून माझं ऐका: कोपऱ्यावर इमानाने उभे राहा, पण शिकायला येणाऱ्या कुणाला जीव लावू नका. ही माणसं न सांगता जातात.

"आजोबा," माझ्या अगदी खालून, माझ्या पोटातून आवाज आला. चळतीतला सर्वांत वरचा नवा शंकू, ज्याच्या डोक्यावर मी बसलोय. "तुमच्या फटीतून उजेड येतोय. मला आतलं वाचता येतंय."

"नावं आहेत ती. जुनी. झोप तू."

"एक नवं आहे. निळ्या शाईतलं. त्यावर काट नाही. 'ओडेसा प्रूट. मी याला कधी पाडलं नाही. पण पाडेल त्याने खाली उतरायचं, उभं करायचं, माफी मागायची, असं इथेच शिकले. गणवेश देऊन मी डेपोच्या दाराशी अर्धा तास थांबले, मास्तर. कुणी आलं नाही.'"



"आजोबा, तुम्ही खोटं बोललात. ती सांगून गेली."