पावसाळी गटाराचा वर्ग

पालिकेच्या पाणी-प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे बाटलीबाई म्हणत. नमुन्यांच्या बाटल्या खांद्याच्या पिशवीत घालून ती गल्लोगल्ली फिरायची. तिचे अहवाल मात्र फायलीत धूळ खात पडायचे. त्यामुळे निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला पावसाच्या पाण्याचा निचरा आणि पिण्याचं पाणी यावर दोन तासांचं प्रशिक्षण द्या, असा वरून हुकूम आला, तेव्हा तिला हुरूप आला. एकोणीस जण समोर बसून तिचं ऐकणार होते.

पंधरा दिवस खपून तिनं पत्र्याच्या ट्रेमध्ये सगळं शहर उभं केलं. रस्त्यांचे उतार, गटारं, नदी, नदीकाठची, नळांसाठी पाणी उचलायची विहीर. सभागृहात तिनं झारीनं वरून पाणी सोडलं आणि बाजाराच्या जागी शाईचे चार थेंब टाकले.

"पावसाळी गटारातलं पाणी कुठंही शुद्ध होत नाही," ती म्हणाली. "रस्त्यावरचं असेल नसेल ते घेऊन तडक नदीत जातं. आणि ते पडतं तिथून दोनशे पावलांवर, खालच्या अंगाला आपली विहीर आहे."

शाई विहिरीत उतरली. दोघंतिघं खुर्चीतून पुढं वाकले.

"मग क्लोरीन कशाला घालता?" एका सदस्यानं विचारलं.

"क्लोरीनलाही मर्यादा असते. नव्या बाजार-इमारतीच्या संडासाची लाइन पावसाळी गटारात सोडली आहे. मोठा पाऊस झाला की क्लोरीन पुरणार नाही."

पुढं वाकलेले पुन्हा खुर्चीला टेकले. ती इमारत अध्यक्षांच्या मेहुण्यानं बांधली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अध्यक्ष हसले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "मुकादमांना बोलवा जरा."

गटार-सफाईचा मुकादम म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि याच पालिकेत त्याला चिकटवलंही तिनंच. चिखलाचे बूट दाराशी काढून तो आत आला.

"मुकादम, तुमची ताई म्हणते, संडासाची लाइन गटारात आहे. रोज तुम्ही उतरता खाली. आहे का?"

महिन्यापूर्वी झाकण उचलून ती लाइन तिला त्यानंच दाखवली होती. आता त्यानं ट्रेकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "नाही साहेब. तशी काही लाइन नाही."

"म्हणजे ताई खोटं बोलते?"

"खोटं नाही साहेब. एकटी राहते. डोक्यात काहीतरी घेऊन बसते."

कुणीतरी फिसकन हसलं. तिनं ट्रे आवरायला घेतला, तसं अध्यक्ष म्हणाले, "आवरता कसल्या, चालू द्या बाई. दोन तास म्हणजे दोन तास." राहिलेला सव्वा तास ती बोलत राहिली. एकानं अजेंड्याच्या कागदाची होडी करून तिच्या नदीत सोडली, आणि बाकीचे ती कुठवर जाते ते पाहत बसले.

तीन आठवड्यांनी सलग तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी तिच्या नमुन्यांत मैला निघाला. 'पाणी उकळून प्या' अशी नोटीस तिनं लिहून पाठवली. लोक घाबरतील म्हणून अध्यक्षांनी ती दाबून ठेवली. दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा लागल्या. दोन म्हातारी माणसं गेली.

सहाव्या दिवशी दुपारी भाऊ तिच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात रिकामा कॅन. त्याची चार वर्षांची मुलगी त्याच व्हरांड्यात होती.

"ताई, घोट घोट पाणी द्या म्हणतात तिला. आमच्याकडचा गॅस संपलाय. तुझ्याकडं उकळलेलं असेल ना?"

आत ओट्यावर दोन पातेली भरून निवत ठेवली होती.

"नळाचं दे की," ती म्हणाली. "तशी काही लाइन नाही."

तो रिकामा कॅन घेऊन जिना उतरला. तिनं हाक मारली नाही. पावलं वाजायची थांबेपर्यंत ती दाराला धरून उभी होती.

पोर दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्यानं तिला नळाचं पाजलं नव्हतं, शेजाऱ्याकडून उकळून आणलं होतं, हे बाटलीबाईला नर्सनं सांगितलं. ऐकून तिला काडीचंही बरं वाटलं नाही.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती बाजारामागच्या गटाराशी गेली, तर भाऊ आत उतरून त्या लाइनचं तोंड सिमेंटनं लिंपत होता.

"अध्यक्षांनी सांगितलं?"

"सांगितलं. पण नसतं सांगितलं तरी आलो असतो." त्यानं थापी खाली ठेवली नाही. "लाइन सापडली तर पोरीला मी मारलं असं होईल, ताई."

ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "लाइन आहे का?" समोर अध्यक्ष होते, मेहुणा होता, आणि कोपऱ्यात भाऊ.

"आहे," ती म्हणाली. "मुकादमानं काल बुजवली. चला, दाखवते."

सिमेंट अजून ओलं होतं. अध्यक्षांनी मोठ्या दुःखानं मान हलवली आणि मुकादमानं आपल्या सर्वांची दिशाभूल केल्याचं लिहून दिलं. मेहुण्याला दंड झाला. भावाची नोकरी गेली, वर खटला भरला. भावजय माहेरी निघून गेली. जाताना रस्त्यात भेटली तेव्हा ती बाटलीबाईच्या पायाजवळ थुंकली.

लाइन मैल्याच्या गटाराला जोडली गेली. आता दर सोमवारी ती विहिरीचा नमुना घेते. पाणी स्वच्छ येतं.